फ्रेंच पॉलिशचं माहेर

जुनं शिसवी कपाट दुरुस्तीला आलं, की जाणता पॉलिशवाला आधी त्याच्या दर्शनी दारांना हात लावत नाही. मागच्या कोपऱ्यात किंवा खालच्या पट्टीपाशी, सहज नजरेस पडणार नाही अशी जागा तो शोधतो, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तिथे दाबतो आणि थोडा थांबतो. बोळा उचलताना जागा चिकट लागली, कापसावर तांबूस-तपकिरी डाग आला, की निदान झालं: वर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काहीच झालं नाही, पण थिनरने थर मऊ पडला, तर तो बहुधा विसाव्या शतकातला नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोघांनाही दाद देत नसेल, तर पॉलियुरेथेनसारखं आणखी अलीकडचं काहीतरी. पुढचं सगळं काम या एवढ्याशा परीक्षेवर ठरतं. लाख निघाली, तर अर्धी काळजी मिटते, कारण लाख कितीही जुनी असली तरी सहसा स्पिरिटमध्ये पुन्हा मऊ होते. आजोबांच्या काळात चढवलेला थर आज लावलेल्या थराला आपल्यात मिसळून घेतो. म्हणून जुना थर खरवडून टाकायची वेळ बहुतेकदा येतच नाही.

या कामाला जग फ्रेंच पॉलिश म्हणतं. पण ज्या द्रव्यावर ते उभं आहे, त्याचं माहेर पळसाच्या फांदीवर आहे.

पळस, बोर आणि कुसुम ही लाखेच्या किड्याची आवडती झाडं. किड्याचं शास्त्रीय नाव ‘केरिया लॅका’. अंड्यांतून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी तांबडी पिल्लं कोवळ्या डहाळीवर पसरतात, सालीत सोंड खुपसून रस ओढू लागतात आणि अंगाभोवती राळ पाझरवतात. शेजारी शेजारी बसलेल्या हजारो किड्यांची राळ एक होऊन फांदीवर जाड, खडबडीत पुटं चढतात. मादी एकदा बसली की जागा सोडत नाही, तिचं आयुष्य त्या कवचाच्या आतच सरतं. पळस-बोरीवरच्या किड्याला रंगीनी म्हणतात, कुसुमावरच्या किड्याला कुसुमी. दोन्हींची वर्षात दोन-दोन पिकं निघतात. रंगीनीची बैसाखी आणि कतकी, कुसुमीची अघनी आणि जेठवी. पिकलेल्या फांदीचे तुकडे, म्हणजे बीजलाख, नव्या झाडाला बांधले की पिल्लं आपणहून तिकडे चढतात. झारखंड आणि छत्तीसगड हे या शेतीचे मोठे प्रदेश. महाराष्ट्रात गोंदिया-गडचिरोलीच्या पळसांवर ती होते.

लाखेची ओळख या देशाला फार जुनी. महाभारतातल्या वारणावताच्या लाक्षागृहाची गोष्ट रचणाऱ्याला ती झटकन पेट घेते हे पक्कं ठाऊक होतं. पायाला लावायचा अळिताही याच किड्याच्या तांबड्या रंगाचा. आणि लाकडावर लाख चढवायची आपली देशी रीत पॉलिशच्या कितीतरी आधीची आहे. तिच्यात ना स्पिरिट लागतं, ना कुंचला. चरकावर लाकूड गरगर फिरत असताना रंगवलेल्या लाखेची कांडी त्यावर टेकवायची. घर्षणाने उष्णता होते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या झुडपाचं पान दाबून धरलं, की थर एकसारखा होऊन चमकू लागतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी आजही अशीच होतात. पाळण्याच्या लाल-पिवळ्या दांड्या, लाटणी, भोवरे, पलंगाचे खूर यांच्यावरचा तकाकदार रंग याच रीतीचा. बडोद्याजवळच्या संखेड्याचे झोपाळे आणि खुर्च्याही लाखकामातल्याच.

अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त चिकाचे पडदे रंगवायच्या लाखेचं प्रमाण दिलं आहे: तांबडा रंग हवा तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ. सोळाव्या शतकातल्या शाही कारखान्याचा हा हिशेब वाचला, की हे काम किती रुळलेलं होतं ते कळतं.

युरोपला याची सविस्तर हकिकत कळली ती गोव्यातून. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात लाखेला स्वतंत्र प्रकरण दिलं. मुंबई बेट काही काळ ज्याच्याकडे खंडाने होतं, तोच हा ऑर्ता. त्याच्यानंतर वीस वर्षांनी, १५८३ मध्ये, यान हाउखेन फान लिन्स्कोटन हा डच तरुण गोव्यात आला आणि आर्चबिशपचा चिटणीस म्हणून काही वर्षं राहिला. १५९६ मध्ये निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात पलंग, खुर्च्या, स्टुलं अशा घरातल्या लाकडी सामानावर इथले कारागीर चरकावर लाख कशी चढवतात हे नीट सांगितलं आहे. म्हणजे लाख लावून झळकणारं फर्निचर युरोपियन माणसाने टिपून ठेवलं, ते आपल्या कोकणकिनाऱ्यावर बसून.

त्यानंतर लाख जहाजांतून जात राहिली. लखोटे बंद करायची लाख हा तिचा एक मोठा उपयोग. दुसरा उपयोग रंगाचा. ईस्ट इंडिया कंपनीला मुख्य गोडी होती ती किड्यातल्या किरमिजी रंगाची, कारण अमेरिकेतून येणाऱ्या कोचिनीलला तो स्वस्त पर्याय होता. राळ ही मागे उरणारी वस्तू. १७८१ मध्ये पाटण्यात राहणाऱ्या जेम्स केर याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या किड्याची सविस्तर माहिती छापली. ‘केरिया’ हे नाव त्याच्यावरूनच आलं. पुढे १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला, कृत्रिम रंगांची रांग लागली आणि लाखेच्या रंगाचा बाजार बसला. तोवर राळेने मात्र दुसरंच घर धरलं होतं.

झाडावरून उतरवलेली काडीलाख कुटून, धुऊन दाणा करतात. दाण्याचा चपडा करायची जुनी पद्धत डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. दाणा लांबच लांब कापडी पिशवीत भरतात. पिशवीचं एक टोक कोळशाच्या भट्टीसमोर कारागिराच्या हातात असतं, दुसऱ्या टोकाला मदतनीस तिला पीळ देत असतो. आत वितळलेली लाख कापडातून गाळून बाहेर झिरपते, काड्या-कचरा आत राहतो. ही गरम लाख कोमट पाण्याने भरलेल्या मातीच्या गोल नळ्यावर ओतून ताडाच्या पानाने सारखी पसरतात. मग दुसरा कारागीर तो मऊ पत्रा उचलतो, दोन्ही हातांनी, पायांच्या अंगठ्यांनी आणि दातांनी धरून भट्टीच्या धगीसमोर ताणत जातो. पत्रा माणसाएवढा होतो, त्यातून उजेड आरपार दिसू लागतो. गार झाला की पापडासारखा मोडतो. तो मोडलेला चुरा म्हणजे चपडा, पॉलिशवाल्याच्या तोंडी चपडी लाख. मिर्झापूर आणि पुढे पुरुलियाच्या बाजूचा मुलूख या कामासाठी नावाजला. ओठ आणि पावलं भट्टीपुढे भाजून घेणाऱ्या या माणसांची नावं युरोपातल्या कुठल्याही फर्निचरवर नाहीत, आणि फ्रेंच पॉलिशचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना फारच थोडी जागा दिली आहे.

तिकडे युरोपात लाकडाला काय लावत? १६८८ मध्ये ऑक्सफर्डला स्टॉकर आणि पार्कर यांचं जपानी धर्तीच्या रंगकामावरचं पुस्तक निघालं. त्यात दाणा आणि चपडा दारूच्या अर्कात विरघळवून कुंचल्याने लावायच्या कृती आहेत. पण घरोघरच्या टेबलांना तेल आणि मेणच लागे. फर्निचरचे नमुने आखणाऱ्या शेराटनने १८०३ च्या आपल्या कोशात जवसाचं तेल आणि विटेची पूड घासून चकाकी आणायची रीत सांगितली आहे. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत फ्रान्समधून एक नवी पद्धत पसरली: लाख कुंचल्याने लावायची नाही, कापडात गुंडाळलेल्या बोळ्याने घासत घासत चढवायची. कुंचल्याचे ओरखडे नाहीत, थर केसाहून पातळ, आणि खाली महोगनीचे रेषे जणू काचेखाली ठेवल्यासारखे स्पष्ट. इंग्लंडला तिचं वेड लागलं.

वेडाला खर्चाचा लगाम होता, कारण दारूच्या अर्कावर जबर कर होता. १८५५ मध्ये ब्रिटनने पिण्याला निरुपयोगी केलेलं मेथिलेटेड स्पिरिट करमुक्त केलं आणि लगाम सुटला. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातही आरशासारखी टेबलं आली. याची काळी बाजूही सांगायला हवी. त्या शतकात अठराव्या शतकातलं कितीतरी फर्निचर, ज्यावर मूळचं तेल-मेणाचं सौम्य आवरण होतं, ते खरवडून चकचकीत करण्यात आलं. दीडशे वर्षांच्या हातांनी, धुळीने आणि उन्हाने आलेला पोत एकदा गेला, की तो परत आणायची कुठलीही युक्ती नाही. जुन्या वस्तूवर पॉलिश पेपर चालवायच्या आधी हे आठवायला हवं.

कृती ऐकायला सोपी आहे. चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची आणि गाळून घ्यायची. लाखेत पाचेक टक्के मेण असतं, ते तळाशी बसू दिलं तर वरचं द्रावण अधिक निवळ मिळतं. लाकडाची छिद्रं आधी भरायची. युरोपात त्यासाठी प्युमिस दगडाची पूड वापरत, आपल्याकडे खडूच्या पुडीत पिवडी नि गेरू मिसळून लाकडाच्या रंगाचं भरण करतात. मग कापसाचा गोळा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात बांधायचा. लाख आतल्या कापसाला पाजायची, बाहेरच्या कापडाला नाही. बोळा आधी गोल, मग आठाच्या आकड्यासारखा आणि शेवटी सरळ रेषेत फिरवायचा. तो अडू नये म्हणून तळाला जवसाच्या तेलाचं एखादं बोट. सगळं कसब एका गोष्टीत आहे: बोळा पृष्ठभागावर कधीही थांबू द्यायचा नाही. तो चालता चालता आत यायला हवा आणि चालता चालताच बाहेर जायला हवा. क्षणभर टेकला, तर खालचा मऊ थर त्याला चिकटून उचलला जातो. असे अनेक हात, मध्ये विश्रांती, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या, स्पिरिटच्या नुसत्या वासावरच्या बोळ्याने वर आलेलं तेल पुसून घ्यायचं. मनगटाला हे कळायला वर्षं जातात.

द्रावण फार दिवस ठेवूनही चालत नाही. लाखेतली आम्लं आणि अल्कोहोल यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, आणि काही महिन्यांनी ती लाख लावली तर नीट वाळतच नाही, बोटांना चिकटत राहते. चांगला पॉलिशवाला म्हणून लागेल तेवढीच भिजवतो.

अशा पॉलिशखाली बऱ्याचदा असतं ते व्हिनिअर, म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला उंची लाकडाचा पातळ पत्रा. त्याचं कूळ वेगळं आहे, पण गोत्र तेच. सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या रेखमिरे या इजिप्शियन वजिराच्या थडग्यात सुतारांचं एक चित्र आहे. त्यात सरसाचं भांडं विस्तवावर आहे आणि कारागीर उंची लाकडाचा पातळ पत्रा साध्या फळीवर चिकटवत आहेत. रोमन प्लिनीला हा प्रकार खटकला होता. एकच झाड अनेकदा विकता यावं म्हणून हे पत्रे निघाले, असा त्याचा रोख आहे. आजच्या जंगलांची अवस्था पाहता त्याचा रोष पटत नाही. एका शिसवी ओंडक्यात चार टेबलं व्हायची तिथे चाळीस झाली, तर वाईट काय? पुढे १८०६ मध्ये मार्क इझंबार्ड ब्रुनेलने व्हिनिअर कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि लंडनजवळ बॅटरसीला करवती चालू केल्या. हाताने कापलेला पत्रा दोन-तीन मिलिमीटर जाड असे. यंत्राने तो पातळ होत गेला, आणि आजचा अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो. दुरुस्तीला बसणाऱ्याने ही जाडी आधी पाहावी, कारण जुन्या पत्र्याला सोसतं तेवढं घासणं नव्याला सोसत नाही. दोन हात जास्त पडले की खालचं लाकूड उघडं पडतं.

जुनं व्हिनिअर सरसाने चिकटवलेलं असतं. जनावरांची कातडी नि हाडं उकळून केलेला सरस पाण्यात फुगवतात आणि दुहेरी भांड्यात साठ अंशांच्या आसपास गरम करून लावतात. लाखेचा गुण सरसातही आहे: उष्णता आणि ओल मिळाली की तो पुन्हा जागा होतो. पत्रा फुगून वर आला असेल, तर सगळं उखडायची गरज नसते. फुग्यावर ओलसर कापड ठेवून बेताची गरम इस्त्री काही क्षण टेकवावी. खालचा सरस मऊ होतो. मग मेणकागद आणि वर सपाट लाकडी ठोकळा ठेवून शिकंजा आवळावा, रात्रभर हात लावू नये. सरस अगदीच मेला असेल, तर धारदार पात्याने रेषांच्या दिशेने एक चीर द्यावी आणि पातळ सुरीने ताजा सरस आत सरकवावा. रेषांच्या दिशेची चीर नंतर दिसत नाही, आडवी चीर जन्मभर दिसते. तुकडाच उडाला असेल, तर चौकोनी ठिगळ लावू नये. होडीच्या आकाराचं, दोन्ही टोकांना निमुळतं ठिगळ कापावं, म्हणजे जोड रेषांमध्ये हरवतो. आधी ठिगळ कापून घ्यावं, मग ते जागेवर ठेवून त्याच्या कडेने खालचा पत्रा कापावा. उलटं केलं तर फट राहतेच. बारीक खळगे रंगीत लाखेची कांडी वितळवून भरतात. चरकावरच्या कारागिराची तीच कांडी इथे इजा झालेल्या लाकडाच्या कामी येते.

मुंबईत या दोन्ही कुळांची गाठ पडली. एकोणिसाव्या शतकात इथल्या कारखान्यांतून नखशिखान्त कोरलेलं काळसर शिसवी फर्निचर निघे. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून ते ओळखलं गेलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मांडलं गेलं. वेलबुट्टीच्या खाचाखोचांत बोळा पोचत नाही, तिथे कुंचला घ्यावा लागतो. अशी एक खुर्ची पुन्हा पॉलिश करणं हे चार साध्या टेबलांइतकं काम. त्यानंतर आर्ट डेकोचा काळ आला. १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. गोल कोपऱ्यांची कपाटं आणि आरशाची ड्रेसिंग टेबलं नव्या फ्लॅटांत जाऊ लागली. कोरीवकाम गेलं, सपाट व्हिनिअरचं सौंदर्य आलं, आणि सपाट जागेवर बोळ्याचं कसब खुललं. आज दुरुस्तीला निघतात त्यांतली पुष्कळ कपाटं या काळातली असतात.

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवरचा तांबूस झळाळही लाखेचाच. तिथला हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगारांच्या घरांत सुरू झाला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाख दुसरीकडेच गाजत होती. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या लाख आणि खनिजांची पूड यांच्या मिश्रणातून दाबून निघत. बालगंधर्वांची पदं घराघरांत पोचली ती या तबकड्यांवरून, पळसावरच्या राळेतून. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, तेव्हा या मालाची जागतिक मागणी मोठी होती. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेने लाखेच्या लष्करेतर वापरावर कडक बंधनं घातली, आणि १९४८ मध्ये व्हायनिलची एलपी तबकडी आली. फर्निचरच्या बाजूने त्याआधीच पाचर बसली होती. १९२०च्या दशकात मोटारींसाठी काढलेला, झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर फवाऱ्याने कपाटांवरही मारला जाऊ लागला. आपल्याकडे १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला आणि सुतारांच्या शेगडीवरचं सरसाचं भांडं उतरलं. पाठोपाठ सनमायका, मेलामाइन, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन.

महाराष्ट्राच्या दारूबंदी अधिनियमात फ्रेंच पॉलिशचं नाव येतं, हेही या कुळकथेतलं एक पान. विकृत, म्हणजे पिण्याला निरुपयोगी केलेल्या, स्पिरिटपासून केलेल्या पदार्थांच्या व्याख्येत लॅकर आणि व्हार्निशच्या जोडीला ते बसलं आहे. कायद्याला ही दखल घ्यावी लागली, कारण हा माल दारू म्हणून पोटात घेणारे होते. विकृत स्पिरिट विषारी असतं, डोळे आणि जीव दोन्ही जातात. दुकानात ते नियमांच्या चौकटीतूनच घ्यावं लागतं, आणि काम करताना खिडक्या उघड्या आणि शेगडी लांब हवी.

नवी रसायनं वाईट आहेत असं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याला किंवा हॉटेलच्या टेबलाला लाख लावणं हा वेडेपणा ठरेल. लाख ऐंशी अंशांच्या आत वितळते, गरम पातेलं सोसत नाही, सांडलेल्या दारूने उकलते, पाणी साचून राहिलं तर पांढरी कडी धरते. पण जुन्या वस्तूच्या दुरुस्तीत ज्या गोष्टीला मोल आहे, ती पुन्हा उकलण्याची सोय लाखेत आहे. पीयूचा थर ओरखडला की सगळा उतरवावा लागतो. सिंथेटिक डिंकाने घट्ट बसलेला पत्रा पुन्हा काढायचा, तर फळीसकट फाटतो. लाख-सरसाच्या कपाटाला मात्र पुढच्या पिढीतला कारागीर पुन्हा हात लावू शकतो. वस्तुसंग्रहालयांतले जतन करणारेही पुन्हा उकलता येईल अशीच सामग्री निवडायचा प्रयत्न करतात.

गोळ्यांच्या वेष्टनात आणि चॉकलेटच्या चकाकीत लाख आजही खपते, पण जुनी कपाटं दुरुस्त करणारी माणसं कमी होत आहेत. घरात आजीचं ड्रेसिंग टेबल असेल, तर लगेच खरवडायला देऊ नये. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने मळ काढावा, मग कोपऱ्यात स्पिरिटची परीक्षा करावी. बऱ्याचदा नुसता मळ निघाल्यावर आणि बोळ्याचे दोन-चार हात फिरल्यावर ते उठून दिसतं. कपाच्या बुडाने उमटलेली पांढरी कडी स्पिरिटने जेमतेम ओलावलेल्या बोळ्याचा हलका स्पर्श दिला की बहुधा जाते. फक्त मुंबई-कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि सगळ्या पॉलिशवर दुधट सावट येतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा आणि सकाळचं दहा-अकराचं ऊन, पण कपाट सावलीत ठेवून, एवढं जमवलं तर एका आठवड्यात टेबल पुन्हा जागेवर लागतं.